मेघ्याचं बी

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी अंजूरच्या वेशीवर पेंढा पेटला आणि विस्तवापुढे गुरांची रांग लागली. कुणाच्या शिंगांना गेरू, कुणाच्या गळ्यात झेंडू, कुणाच्या पाठीवर हळदीच्या पंजांचे ठसे. आगीवरून उडालेलं जनावर वर्षभर निरोगी राहतं म्हणून सारा गाव पोराबाळांसकट उभा. पहिली उडी गावकीच्या रेड्याची. हा मान दामूच्या बापाच्या वेळेपासून त्यांच्याच गोठ्याकडे होता. गावातल्या सगळ्या म्हशी ज्याच्याकडे फळायला यायच्या, तो रेडा त्यांनी सांभाळायचा आणि बदल्यात खाडीच्या बांधावरचं गवत कापायचं.

सध्याचा रेडा मेघ्या. अंगाने असा, की आडवा उभा राहिला तर पलीकडचं घर दिसू नये. काशीने, दामूच्या बायकोने, पहाटे उठून त्याला घासला होता. वेसण तिच्याच हातात होती, कारण मेघ्या तिच्याशिवाय कुणाचं ऐकायचा नाही.

गावकीचा पुढारी केसरीनाथ काठी आडवी धरून पुढे आला.

"दामू, रेडा मागं घे."

"कनाला? का म्हनून?"

"ज्याचं बी लागत न्हाय, त्याला पैला मान कसला? आज माजा बैल पुढं."

रांगेत हसू फुटलं. कुणीतरी मागून म्हणालं, "अंगानं हत्ती, कामाला उंदीर!"

जानकीबाई म्हशीचं दावं मनगटाला गुंडाळून उभी होती. तिचं घर त्या एका म्हशीच्या दुधावर चालायचं. ती हसली नाही. "काशे, वाईट नको वाटून घेऊ. तीनदा दावली माजी म्हस, तिन्ही वेला उलटली. वीस दिस गेलं की पुन्ना हंबरतं. मी कवर वाट बगू?"

"तुजी एकटीची न्हाय. अकरा म्हशी उलटल्यात," केसरीनाथ म्हणाला. "गावकीचं ठरलंय. होलीपर्यंत एक तरी म्हस गाभन ऱ्हाली, तर ऱ्हाईल रेडा. न्हायतर व्यापाऱ्याचा टेंपो बोलवायचा."

टेंपो कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक होतं. काशीने वेसण आवळली.

"होली लांब हाय," ती म्हणाली. "पुरंल."

मेघ्याची पाळी सगळ्यात शेवटी आली. तोवर पेंढा जळून नुसती राख उरली होती. उडी मारण्यासारखं काही नव्हतंच. तो राखेतून संथ चालत गेला. पांढऱ्या राखेत त्याच्या खुरांचे काळे ठसे उमटले, आणि त्या ठशांतून पाय टाकत काशी त्याच्या मागे गेली.

*

दामू शेलार गावातल्या यंत्रमागांवर, लूमवर, जॉबर होता. बिघडलेल्या लूमचं दुखणं तो आवाजावरून ओळखायचा. पण घरच्या मुक्या जनावराचं दुखणं त्याला ओळखता आलं नव्हतं, आणि ते त्याला आत कुठेतरी बोचत होतं.

दीड वर्षापूर्वी तालुक्याच्या प्रदर्शनात मेघ्याचा पहिला नंबर आला. रेड्याला फेटा बांधला, दामूच्या हातात शिल्ड दिलं. तेव्हापासून दामू वेगळाच झाला. आंब्याखालचं पेंढ्याचं छप्पर काढून त्याने मेघ्याला कोऱ्या पत्र्याचा गोठा बांधला, चारी बाजूंनी बंद, दाराला कडी. अंगाला चिखल लागून तकाकी जाते म्हणून डबक्यात डुंबणं बंद. रोज तेल चोपडायचं. आणि दुभत्या म्हशीलाच घालावी अशी सरकीची पेंड, ती त्याने मेघ्यासमोर पाटीपाटीने ओतली.

"नंबर काढलाय त्यानं. तो काय भुसा खाईल?" असं म्हणायचा.

मेघ्या चकाकत होता, हे खरं. काळ्या दगडाच्या देवासारखा. पण दुपारी काशी गोठ्यात शिरली, की पत्र्याची धग तिच्या टाळूवर बसायची आणि मेघ्याचं धापणं बाहेरपर्यंत ऐकू यायचं. तिने दोनदा सांगून पाहिलं. दामूने दोन्ही वेळा शिल्डाकडे बोट दाखवलं.

पाडव्याच्या संध्याकाळी म्हातारा नामा, काशीचा सासरा, ओट्यावर बसून म्हणाला, "म्हसोबाला कोंबडा बोला."

"बोलते, बाबा," काशी म्हणाली. "पन आदी डाक्तरला दावते. म्हसोबाला पन बरं वाटंल, त्याचं काम हलकं झालं म्हनून."

म्हातारा गालातल्या गालात हसला.

*

भिवंडीच्या जनावरांच्या दवाखान्यात त्या वर्षी नवीन डॉक्टर आली होती, माधवी नावाची. आठवड्याने ती रिक्षातून उतरली. एका हातात लाकडी पेटी, दुसऱ्या हातात चामड्याची जाड नळी. बाईमाणूस रेड्याचं बी काढणार, ही बातमी तिच्याआधी गावात पोचली होती. बांधावर पंधरा-वीस बाप्ये उगीचच बिड्या ओढत उभे राहिले.

माधवीने त्यांच्याकडे पाहिलं. "कुणाला मदत करायची आहे? एकाने म्हैस धरा. एकाने माझ्याबरोबर खाली वाकून नळी धरा."

बांध एका क्षणात रिकामा झाला. नामानेसुद्धा भिंतीकडे तोंड केलं.

"मी हाय ना," काशी म्हणाली. तिने आपली दुभती म्हैस चिमणी खुंट्याला बांधली आणि मेघ्याची वेसण धरली. "ये रे माज्या राजा. बायांचं काम हाय, लाजू नको."

काम झालं तेव्हा दोघींचे पदर घामाने भिजले होते. माधवीने पेटीतून सूक्ष्मदर्शक दुर्बीण काढली, ओट्यावर उन्हात मांडली, खालचा आरसा फिरवून उजेड धरला. काचेवर थेंब ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग बाजूला झाली.

"बघा, काशीताई. एक डोळा मिटा."

आधी नुसता पांढरा चंद्र दिसला. मग त्या चंद्रात बारीक काही हललं. भाताच्या खाचरात बेडकाची पिल्लं असतात ना, तशी. पण खाचरातली पिल्लं हात लावताच सुळ्ळकन पळतात. ही निपचित होती. काहींच्या शेपट्या वाकड्या. काही जागच्या जागी गोल फिरत होती, वाट चुकलेल्या माणसासारखी. सरळ पोहणारं एखादंच.

"मेलीत का गं, बाय?"

"दहातली सात मेलीत. उरलेल्यांत जोर नाही. काय खायला घालता याला?"

ओट्याच्या कडेला बसलेल्या दामूने मान वर केली. "सरकी. भारीतली. दुसरं काय बी न्हाय."

"हिरवं?"

"हिरवं कशाला? सरकी असताना?"

माधवीने गोठ्यात डोकं घातलं, पत्र्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. बाहेर येऊन दारामागे अडकवलेला विळा काढून काशीपुढे धरला.

"याला तेल का लावता?"

"खाडीची हवा हाय, बाय. दोन दिस तेल न्हाय लावलं तर गंज चढतं."

"म्हणजे हवाच लोखंड खाते. जिच्यावर आपण जगतो, तीच. अंगातसुद्धा असंच होतं. श्वास घेतला, अन्न जिरलं, की आत थोडा गंज धरतोच. आणि बीज सगळ्यांत नाजूक, त्याला आधी धरतो. जनावर हिरवं खातं, पाला खातं, त्यातून विळ्याच्या तेलासारखं काहीतरी त्याच्या अंगात जातं आणि गंज थोपवतं. याचं हे आतलं तेल तुम्ही बंद केलंत आणि वरून भट्टीत कोंडलंत. सरकीतही एक विष असतं. दुभत्या म्हशीला बेतानं घातली तर चालते, रेड्याचं बीज मात्र त्यानं खराब होतं, असं मी वाचलंय. एका ठिकाणी पाहिलंही आहे."

"म्हंजे मीच—" दामू म्हणाला.

"नवीन बीज तयार व्हायला दोन महिने लागतात. सरकी बंद. सावली, पाणी, हिरवं. मोड आलेले गहू मूठमूठ घाला. दोन महिने म्हैस दाखवू नका. मग मी परत बघेन."

"सुदरंल ना?" काशीने विचारलं.

"सुधारेल असं मला वाटतं. शब्द देत नाही."

"शब्द मी देतंव," काशी म्हणाली. "तुमी फकस्त दुर्बीन घेऊन या."

*

दुसऱ्या दिवशी दामूने शिफ्ट बुडवली. शिडी लावून पत्रे एकेक करून उतरवले. खिळे उपटताना त्याच्या हाताला कापलं, तरी थांबला नाही. नामाने बसल्या जागी पेंढ्या बांधून दिल्या. संध्याकाळपर्यंत आंब्याखाली जुन्यासारखं छप्पर उभं राहिलं. बाजू उघड्या, खाडीचा वारा आरपार.

काशीचे दिवस आता मेघ्याभोवती फिरू लागले. भाताची झोडणी चालू होती. पहाटेपासून दुपारपर्यंत खळ्यावर भारे आपटायचे, अंगाला भाताची कुसं टोचायची, आणि दुपारी बाकीच्या बाया आडव्या झाल्या की ही विळा घेऊन बांधावर. गवत पिवळं पडत चाललं होतं. पाण्याच्या कडेकडेने जिथे ओल होती तिथली हरळी ती मूठमूठ कापायची. गुडघाभर गाळात पाय, डोक्यावर ऊन, कंबर वाकवली की सरळ होता होत नसे. भारा डोक्यावर घेऊन घरी यायची आणि मग शेवग्यावर काठी मारून पाला पाडायची. गावात ज्याच्या ज्याच्या परड्यात शेवगा, त्याच्याकडे हात पसरायची.

"शेंगा तुमाला, पाला मना," असं म्हणायची. लोक हसायचे, पण देत होते.

दामू लूमवरून कोऱ्या कापडाच्या चिंध्या आणायचा. त्यात भिजवलेले गहू बांधून काशी पोटल्या टांगायची. तिसऱ्या दिवशी कापडातून पांढरे मोड डोकावायचे. मेघ्याने पहिल्या दिवशी वास घेऊन तोंड फिरवलं. सरकीची चटक लागलेली. काशीने त्याच्या गळ्याखाली खाजवत, खाजवत, हातानेच घास भरवला.

आणि दुपार कलली की डबकं. मेघ्या पाण्यात उतरायचा, चारी पाय दुमडून बसायचा, नुसत्या नाकपुड्या आणि शिंगं वर. डोळे मिटून असा सुस्कारा टाकायचा, की काठावरचे बगळे उडून जायचे. तकाकी गेली, अंगभर चिखल वाळून भेगा पडल्या. काशी काठावर बसून गुणगुणायची, जात्यावर म्हणावं तसं, सुचेल ते:

माझ्या मेघ्याचं गं रूप, काळ्या ढगाची साउली
त्याच्या खुरांच्या गं खाली, खारी जमीन मउली
शेवग्याच्या पाल्यासंगं, घास भरवते बाई
सोन्यानाण्याची गं माया, अशी हिरवीगार न्हाई

बारावा दिवस होता. सकाळी घास भरवायला ती वाकली आणि मेघ्याच्या तोंडाला सरकीचा वास आला. खमंग, तेलकट, न चुकणारा.

तिने घास तसाच पाटीत टाकला. घरात गेली. दामू ड्युटीला निघायच्या तयारीत होता. कणगीच्या मागे अर्धं पोतं उभं होतं, वर गोणपाट टाकलेलं.

"किती दिस चाललंय?"

दामूने डबा खाली ठेवला. "दोन मुठी, काशे. रोज फकस्त दोन मुठी. बगवत न्हाय मना. बरगड्या दिसायला लागल्यात त्याच्या. शिल्ड आनलं त्यानं आपल्याला, नि आपन त्याला झाडाचा पाला चारतो. लूमवरची पोरं हसतात."

"हसू दे."

"तू डाक्तरनीचं ऐकतंस, माज्या डोल्याचं न्हाय."

काशीने त्याचा हात धरून त्याला अंगणात आणलं. आंब्याला टेकवून ठेवलेल्या उतरवलेल्या पत्र्यावर बोट ठेवलं. दीड वर्षाचा पत्रा, पण खाडीच्या हवेने खिळ्यांच्या भोकांभोवती लाल गंज फुलला होता. तिने नखाने खरवडला. पापुद्रा निघाला.

"हा कोरा होता तवा तू बोट फिरवून मना दावला व्हतास. आरसा हाय, बोललास. वरून चमक व्हती, नि भोकापासून गंज खात व्हता त्याला. रेड्याची चमक पन तशीच."

दामूने तो पापुद्रा बोटांत चुरून पाहिला. मग आत गेला, पोतं खांद्यावर घेऊन बाहेर आला आणि चिमणीच्या दावणीजवळ नेऊन ठेवलं. दुभतीला बेतानं चालते, असं डॉक्टर बोलली होती.

"बारा दिस गेलं ना फुकट?" त्याने विचारलं.

"न्हाय गेलं. आजपासून एक मोजायचं." काशीने भिंतीवर रोज एक अशा ओढलेल्या बारा रेघा पदराने पुसल्या आणि चुलीतल्या कोळशाने एक नवी ओढली.

त्या दिवसापासून दामू शिफ्टवरून आला की कपडे न बदलता शेवगा पाडायला जायचा. केसांत लूमचा कापूस, त्यावर हिरवा पाला.

*

मार्गशीर्ष सरता सरता केसरीनाथची म्हैस माजावर आली. तो तिला घेऊन दारातच उभा राहिला. मागे चार माणसं.

"काशे, सोड रेडा. बगू दे तुजं झाडपाल्याचं औशध."

मेघ्याला वास लागला होता. तो दावं ताणून फुरफुरत होता, खुराने माती उकरत होता. माणसं हसली. "बग, नवरदेव तयार हाय!"

काशीने भिंतीकडे पाहिलं. अठ्ठावीस रेघा.

"न्हाय," ती म्हणाली. "अजून महिना."

"गावकीचा रेडा हाय, तुज्या बापाचा न्हाय!"

"गावकीचा हाय म्हनूनच. आज सोडला नि उलटली, तर होलीची वाट पन बगायचा न्हाय तुमी, उद्याच टेंपो आनाल. कच्चं बी पेरून पीक येत न्हाय म्हनून तुमीच बोंबलाल."

"नि माजी म्हस?"

"महिन्यात पुन्ना येईल माजावर. तवा आना. फलली न्हाय तर मी स्वता वेसन धरून मेघ्याला टेंपोत चढवीन."

दामू दारात उभा होता, त्याचा चेहरा उतरला. केसरीनाथने बाईमाणसाच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. "सगल्यांनी ऐकलं ना?" तो मागे वळून म्हणाला. "शब्द हाय तिचा." तो म्हैस ओढत निघून गेला, आणि जाताना त्याने कशेळीच्या तबेल्यातला रेडा गाठायचं मोठ्याने बोलून दाखवलं.

माणसं गेल्यावर दामू हळूच म्हणाला, "चढवशील खरंच?"

"पाली यायची न्हाय," काशी म्हणाली, आणि विळा घेऊन बांधावर गेली. बांधावर पोचल्यावर मात्र तिने विळा खाली ठेवला आणि उरलेले दिवस बोटांवर पुन्हा एकदा मोजले. मग कापायला लागली.

*

साठ रेघा झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी माधवी आली. या वेळी बांधावर कुणी नव्हतं. सगळे अंगणातच येऊन बसले होते, लाज सोडून. आरसा उन्हाला धरला. माधवीने डोळा लावला, आणि बाजूला होऊन काशीला जागा दिली.

पांढऱ्या चंद्रात भरती आली होती. खाडीत पाणी चढताना मासळीचा थवा घुसतो, तशी ती बारीक शेपटीवाली पिल्लं एकमेकांना ढकलत, सरळ, सरळ, कुठल्या तरी ठरलेल्या गावाला निघालेली. काशीला दुसऱ्या डोळ्यातलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, एक दुर्बिणीवर होता, दुसरा दामूने धरला होता.

"बग," ती त्याला म्हणाली. दामूने पाहिलं. बराच वेळ तो वाकून राहिला, लूमच्या आवाजाला कान लावावा तसा.

"चालू झालं," तो म्हणाला. "धागा तुटत न्हाय आता."

दोनच दिवसांनी, पौष सरताना, जानकीबाई म्हशीला घेऊन आली. "गाव काय बोलंल ते बोलू दे," ती म्हणाली. "तुज्या हाताला गवताचं घट्टं पडल्यात, ते मी बगितल्यात. सोड मेघ्याला."

मग मोजणं सुरू झालं. अठरा, एकोणीस, वीस. एकविसाव्या दिवशी काशी पहाटेच जानकीबाईच्या गोठ्याबाहेर जाऊन उभी राहिली. जानकीबाई आतून आली, तीही झोपली नव्हती. दोघी कुडाला टेकून कान देत राहिल्या. कोंबडा आरवला. पलीकडे कुणाची तरी गाय हंबरली. जानकीबाईची म्हैस रवंथ करत होती, नुसती रवंथ. ऊन वर आलं तरी तिच्या तोंडून हुंकार निघाला नाही.

बेचाळिसावा दिवसही तसाच शांत गेला.

*

होळीची लाकडं वेशीवर रचली गेली त्या दिवशी माधवीने जानकीबाईच्या गोठ्यात रबराचा हातमोजा खांद्यापर्यंत चढवला. पंचेचाळीस दिवसांवरची गाभण हाताला कळते, पण हात सरावलेला लागतो, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. सगळी गावकी कुडाबाहेर. केसरीनाथ काठीवर हनुवटी टेकून उभा. काशी म्हशीच्या तोंडाशी, कपाळ तिच्या कपाळाला लावून.

माधवीने डोळे मिटले. हात आत होता, तोंड आभाळाकडे. कुणी बिडीसुद्धा ओढेना.

"आहे," ती म्हणाली. "उजव्या बाजूला. सुपारीसारखं नाही, लिंबाएवढं लागतंय. गाभण आहे."

जानकीबाई मटकन शेणातच बसली आणि हसायला लागली. बाहेर कुणीतरी होळीच्या आधीच बोंब ठोकली. दामू गर्दीतून वाट काढत घराकडे पळाला, मेघ्याला सांगायला.

होळी झाली, धुळवड झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी काशी अंगणात शेवग्याच्या फांद्यांचा ढीग घालून पाला ओरबाडत बसली होती. दारात सावली पडली. केसरीनाथ एकटाच आला होता, बरोबर कुणी नाही, म्हशीचं दावं स्वतःच्या हातात. कशेळीहून उलटून आलेली ती म्हैस पुन्हा हंबरत होती.

तो खाकरला. आंब्याकडे बघत म्हणाला, "रेडा मोकला हाय का?"

"न्हाय," काशी म्हणाली. "शेजारच्या पाड्यावरची एक म्हस आताच येतंय. तिच्या मागं तुमचा नंबर. दुपारपर्यंत बसावं लागंल."

केसरीनाथने इकडेतिकडे पाहिलं. परत जावं तर म्हैस ऐकेना. त्याने दावं खुंट्याला बांधलं, धोतर सावरलं आणि ओट्याच्या कडेवर टेकला.

काशीने शेवग्याची एक मोठी फांदी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"बसलाव तवर पाला तोडा. देठ न्हाय हां, त्याला देठ आवडत न्हाय."

आंब्याखाली चिखलाने माखलेला मेघ्या कान हलवत उभा होता. केसरीनाथने काठी बाजूला ठेवली आणि पाला तोडायला घेतला.